लहान पंजा, दुखरे मनगट आणि अंगावर बाळगायचे पिस्तूल: निवड कशी करावी?

रानजाई

नमस्कार. टेक्सासमध्ये ह्यूस्टनच्या परिसरात मी घरांच्या खरेदी-विक्रीची एजंट म्हणून काम करते. ज्यांच्याशी फक्त फोनवर बोलणे झालेले असते अशा लोकांना रिकामी घरे दाखवायला मला बहुतेकदा एकटीलाच जावे लागते आणि हिवाळ्यात शेवटचे घर दाखवून होईपर्यंत बाहेर काळोख पडलेला असतो. पहिल्या भेटीपूर्वी ओळखपत्र मागून घेणे, सहकाऱ्याला पत्ता कळवून ठेवणे, घरात शिरताना ग्राहकाला पुढे चालू देणे, आपली गाडी कोणी अडवू शकणार नाही अशा जागी लावणे, हे सर्व मी पाळतेच. त्याशिवाय, घरात बरीच चर्चा करून, कपड्यांखाली झाकून बाळगता येईल असे लहान पिस्तूल घेण्याचे आम्ही ठरवले आहे. ते बाळगावे की नाही, हा माझा प्रश्न नाही; तो निर्णय झालेला आहे.

अडचण हाताची आहे. माझा पंजा लहान आहे आणि मुलीच्या जन्मानंतर उजव्या अंगठ्याच्या मुळाशी जी सूज आली होती, तिचे दुखणे जड पिशवी उचलली किंवा बरणीचे घट्ट झाकण फिरवले की अजूनही डोके वर काढते. दुकानात गेले तेव्हा काउंटरवरच्या माणसाने माझ्याकडे एकदा पाहिले आणि हलक्या वजनाचे, आखूड नळीचे रिव्हॉल्व्हर पुढे केले; बायका हेच घेतात, असे त्याचे म्हणणे. हातात ते छान वाटले, पण रिकाम्या रिव्हॉल्व्हरचा ट्रिगर दाबताना नळीचे टोक स्पष्टपणे खाली आणि डावीकडे जात होते. नंतर एक लहान पिस्तूल पाहिले, तर त्याची स्लाइड, म्हणजे गोळी आत घेण्यासाठी मागे ओढायचा वरचा सरकता भाग, मला पूर्ण मागे ओढताच आली नाही.

तेव्हा हाताला सोयीचे म्हणजे नेमके काय, आणि ते दुकानात उभ्या उभ्या कसे तपासायचे? लहान आणि हलके पिस्तूल हेच लहान हाताला योग्य, हे खरे आहे का? काडतुसाचे माप ९ मिमी घ्यावे की .३८०? घरात नऊ वर्षांची मुलगी आहे, हेही लक्षात घ्यावे. माझा धाकटा भाऊ एच-१बी व्हिसावर इथे आला असून आमच्याकडेच राहतो. पुण्यात कॉलेजात असताना त्याने एनसीसीत .२२ रायफल चालवली आहे, त्यामुळे सरावाला तोच मला सोबत करणार आहे.

काटेकोर

मी डॅलसजवळ नवशिक्यांना पिस्तूल हाताळायला शिकवतो. आपल्यासारखा प्रश्न घेऊन येणाऱ्या बहुतेक स्त्रियांच्या हातात आधी कोणीतरी तेच हलके रिव्हॉल्व्हर दिलेले असते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

दुकानात वस्तू हातात घेतल्यावर जी सोय वाटते आणि गोळी सुटताना जी सोय लागते, त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि कित्येकदा त्या एकमेकींच्या विरुद्ध जातात. काडतूस तेच असेल तर गोळी आणि वायू पुढे जाताना मागे येणारा झटकाही तोच असतो. तो झेलणारी वस्तू जितकी हलकी, तितक्या जास्त वेगाने ती तळहातावर आदळते. स्मिथ अँड वेसन ६४२ हे अशा रिव्हॉल्व्हरांतले सर्वांत परिचित. पाच गोळ्यांचे, .३८ स्पेशल या काडतुसाचे, पावणेदोन इंचांहून किंचित लांब नळीचे आणि रिकामे असताना सुमारे ४०८ ग्रॅम वजनाचे. त्याचा ट्रिगर दाबायला साधारण १२ पौंड, म्हणजे जवळपास साडेपाच किलोचा जोर लागतो. स्वतःच्या वजनाच्या तेरापट जोर ज्या वस्तूवर एका बोटाने लावायचा, ती लहान हातात स्थिर राहावी ही अपेक्षाच अवघड आहे. नळीचे टोक खाली-डावीकडे जाताना आपल्याला दिसले, त्यात आपल्या हाताचा दोष फार थोडा आहे. खिशात मावेल अशा अगदी छोट्या पिस्तुलांचेही हेच होते: रूगर एलसीपीचे वजन जेमतेम २७० ग्रॅम आहे, आणि .३८० हे तुलनेने सौम्य काडतूस असूनही त्याचा धक्का अनुभवी माणसालाही नकोसा होतो. ही शस्त्रे बाळगायला अत्यंत सोपी आणि चालवायला अवघड आहेत. ज्याचा हात आधीच तयार आहे, अशाच माणसाने ती घ्यावीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता तपासणीविषयी. विक्रेत्याने आपल्यासमोर मॅगझिन (मुठीत बसणारी गोळ्यांची पेटी) काढून चेंबर (नळीमागची गोळीची जागा) रिकामे असल्याचे दाखवले तरी, हातात घेतल्यावर आपण स्वतः पुन्हा पाहावे, नळी कोणाकडेही वळू देऊ नये आणि परवानगी घेतल्याशिवाय ट्रिगरला बोट लावू नये. त्यानंतर अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली बेचकी मुठीच्या मागच्या बाजूला जितकी वर जाईल तितकी नेऊन बसवावी आणि वरून पाहावे. नळी, मनगट आणि कोपरापर्यंतचा हात एका सरळ रेषेत आले पाहिजेत. मूठ जाड असेल तर लहान पंजाचा माणूस ट्रिगरपर्यंत पोचण्यासाठी नकळत हात फिरवून घेतो आणि धक्का तळहाताच्या मध्यावर न येता नेमका अंगठ्याच्या मुळावर येतो. आपल्या दुखण्याचा विचार करता ही एकच गोष्ट पुष्कळ पिस्तुले बाद करायला पुरेशी आहे. पकड तशीच ठेवून तर्जनीच्या पहिल्या पेराचा मांसल भाग ट्रिगरवर आरामात टेकतो का, आणि त्या वेळी बोटाचा उरलेला भाग मुठीला रेटत तर नाही ना, हे पाहावे. मग करंगळीकडे लक्ष द्यावे. आखूड मुठीवर ती हवेत लोंबकळते आणि पकडीचा मोठा आधार जातो, म्हणून पुष्कळदा मुठीचा एखादा सेंटिमीटर वाढला की सगळे पिस्तूल एकदम शांत वाटू लागते. मॅगझिन सोडण्याचे बटण पकड न मोडता अंगठ्याला सापडते का, हे शेवटी पाहिले तरी चालेल. ते दुय्यम आहे.

स्लाइडविषयी एक गैरसमज दूर केला पाहिजे. ती न ओढता येणे हा नेहमीच ताकदीचा प्रश्न नसतो. बहुतेक जण पिस्तूल लांब धरतात आणि अंगठा व तर्जनीच्या चिमटीत स्लाइडचे टोक पकडून ओढतात. त्याऐवजी पिस्तूल छातीजवळ आणावे, नळी समोरच्या सुरक्षित दिशेलाच राहील याची काळजी घ्यावी, डाव्या हाताची चारही बोटे स्लाइडवरून पलीकडे नेऊन ती तळहातात घट्ट धरावी आणि उजव्या हाताने मूठ पुढे ढकलावी. अशाने मनगटाऐवजी खांदा आणि पाठ कामाला लागतात. एवढे करूनही अवघड वाटले तर मात्र दोष पिस्तुलाचा समजावा. नळी जितकी आखूड, तितकी स्लाइड हलकी आणि तिचा मागचा प्रवास कमी, म्हणून तिला आवरणारी स्प्रिंग जास्त कडक ठेवावी लागते. इवलेसे पिस्तूल मोठ्यापेक्षा ओढायला जड का जाते, याचे कारण एवढेच आहे.

.३८० मध्ये आणखी एक भेद आहे, जो दुकानात सहसा कोणी सांगत नाही. वॉल्थर पीपीके किंवा बर्सा थंडर यांसारख्या पिस्तुलांत नळी आणि स्लाइड एकमेकांत अडकलेली नसतात. गोळी सुटताना स्लाइडला फक्त तिचे वजन आणि स्प्रिंग यांनी रोखायचे असते, म्हणून स्प्रिंग कडक आणि धक्का टोचणारा. याउलट स्मिथ अँड वेसनचे एम अँड पी ३८० शील्ड ईझेड किंवा सिग पी३६५-३८० यांत नळी क्षणभर स्लाइडशी जोडलेली राहून मग सुटते, त्यामुळे मऊ स्प्रिंग चालते. .३८० म्हणजे सौम्य, असे सरसकट धरून चालू नये. रचना कोणती आहे ते विचारावे.

आपण चालवून पाहावीत अशी पिस्तुले माझ्या मते चार आहेत: शील्ड ईझेड, ९ मिमी आणि .३८० या दोन्ही रूपांत, सिग पी३६५ आणि ग्लॉक ४३एक्स. भाड्याने शस्त्रे देणारी रेंज आपल्या भागात सहज मिळेल. चालवून पाहिल्याशिवाय कोणतेही विकत घेऊ नये, मग त्यासाठी आणखी एक महिना थांबावे लागले तरी हरकत नाही.

गोदाकाठ

काटेकोर यांचे विवेचन उत्तम आहे, पण रिव्हॉल्व्हरला त्यांनी फार लवकर निरोप दिला, असे मला वाटते. माझ्या आईच्या बोटांना संधिवात आहे. तिला कोणत्याही पिस्तुलाची स्लाइड ओढता येत नाही आणि मॅगझिनमध्ये गोळ्या भरणे तर त्याहून कठीण. तिच्यासाठी रिव्हॉल्व्हरचे सिलिंडर, म्हणजे गोळ्यांचे फिरते चक्र, उघडून गोळ्या ठेवणे आणि बंद करणे, हा एकच मार्ग उरला. पकड ढिली पडली तर अर्धस्वयंचलित पिस्तूल मध्येच अडकू शकते, कारण स्लाइडला पूर्ण मागे जायला मागून पक्का आधार लागतो. रिव्हॉल्व्हरला ही अट नाही.

आक्षेप असलाच तर तो हलकेपणाला असावा. तेच पाच गोळ्यांचे रिव्हॉल्व्हर पोलादी घेतले, उदाहरणार्थ स्मिथ अँड वेसनचेच ६४०, तर वजन सव्वासहाशे ग्रॅमच्या आसपास जाते आणि धक्का साधारण एक तृतीयांशाने कमी होतो. १४८ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे माप), सपाट तोंडाची वॉडकटर काडतुसे वापरली तर तो आणखी उतरतो. दुसरा मार्ग लहान काडतुसाचा आहे. २०२४ च्या सुरुवातीला आलेल्या स्मिथ अँड वेसन ४३२ अल्टिमेट कॅरी या रिव्हॉल्व्हरमध्ये .३२ एच अँड आर मॅग्नम ही काडतुसे, तेवढ्याच आकारात पाचऐवजी सहा बसतात, आणि हलके असूनही ते .३८ इतके उसळत नाही. ही काडतुसे प्रत्येक दुकानात मिळत नाहीत आणि महाग पडतात, हे मान्य केलेच पाहिजे. ट्रिगरचा प्रश्न मात्र राहतो. रूगर एलसीआरचा ट्रिगर अधिक सुरळीत वाटतो, पण लांब ओढ ती लांब ओढच.

आपल्याला स्लाइड नीट तंत्राने ओढता येऊ लागली तर पिस्तूलच घ्यावे. नाहीच जमले तर पोलादी रिव्हॉल्व्हरचा पर्याय शिल्लक आहे, एवढेच मला सांगायचे होते.

केतकी

हातात पिस्तूल कसे बसते यावर वर भरपूर आले आहे. ते दिवसभर अंगावर कसे बसते, हा सोयीचा दुसरा अर्धा भाग आहे आणि बायकांच्या कपड्यांमुळे तो अधिक किचकट होतो.

आपल्या कामात दिवसातले कित्येक तास गाडीत जात असतील. उजव्या कमरेच्या मागच्या बाजूला लावलेले पिस्तूल उभे असताना छान लपते, पण गाडीत बसल्यावर ते सीट आणि हाडाच्या मध्ये रुतते, त्यावर सीटबेल्ट येतो आणि वेळ आली तर हात तिथे पोचत नाही. पुढे, पोटाच्या बाजूला, पँटच्या आत लावले तर बसूनही हाताशी राहते. मात्र बुटक्या बांध्याच्या बाईला लांब नळी मांडीच्या सांध्यात टोचते. नळीची लांबी इथे बाधते आणि मुठीची लांबी कपड्यांतून उठून दिसते. म्हणून काटेकोर यांनी सुचवलेली लांब मूठ हाताला बरी असली तरी अंगाला लावून, वाकून, खुर्चीत बसून, आरशात पाहूनच तिचा निर्णय घ्यावा. सैल कुर्ता किंवा न खोचलेला, थोड्या जाड कापडाचा शर्ट बरेच काही झाकतो. लेगिंग किंवा इलॅस्टिकच्या पँटला आधार नसतो, तिथे पोटाला बांधायचा रुंद पट्टा वापरता येतो, पण ट्रिगरवर कडक कवच असलेलाच घ्यावा. नुसत्या मऊ कापडाच्या खणात ठेवलेल्या पिस्तुलाचा ट्रिगर बाहेरून दाबला जाऊ शकतो.

होल्स्टरवर, म्हणजे पिस्तूल अंगावर बाळगण्याच्या म्यानावर, पैसे वाचवू नयेत. तो त्याच मॉडेलसाठी घडवलेला असावा, ट्रिगरचा भाग पूर्ण झाकणारा असावा आणि पिस्तूल बाहेर काढल्यावर त्याचे तोंड उघडे राहावे, म्हणजे परत ठेवताना दुसऱ्या हाताची बोटे नळीपुढे आणावी लागत नाहीत. कमरेचा पट्टाही ताठ हवा. साध्या फॅशनच्या पट्ट्यावर पिस्तूल बाहेरच्या बाजूला कलते आणि मग दिवसभर ते सावरण्यासाठी हात तिकडे जात राहतो.

पर्समध्ये ठेवण्याचा मोह होईल. मी त्याच्या विरोधात आहे. चोर सर्वांत आधी पर्सच ओढतो. ती खुर्चीला अडकवून आपण दुसऱ्या खोलीत जातो, आणि घरी आल्यावर मुलगी खाऊसाठी तिच्यातच हात घालते. टेक्सासच्या कायद्यानुसार निष्काळजीपणे ठेवलेले भरलेले शस्त्र १७ वर्षांखालील मुलाच्या हाती लागले, तर तो ठेवणाऱ्याचा गुन्हा ठरतो. घरात शिरल्यावर ते अंगावर तरी असावे किंवा चटकन उघडणाऱ्या पण कुलूपबंद पेटीत तरी असावे. कपाटाचा वरचा कप्पा ही जागा नव्हे. नऊ वर्षांच्या मुलीला घरातली प्रत्येक जागा ठाऊक असते.

नियमवाचक

हाताळणीविषयी मला इतरांपेक्षा जास्त कळत नाही, पण मूळ प्रश्नातल्या शेवटच्या वाक्याकडे कोणी लक्ष दिलेले दिसत नाही, आणि ते गंभीर आहे.

आपले बंधू एच-१बी व्हिसावर आहेत. स्थलांतरितेतर, म्हणजे तात्पुरत्या वास्तव्याच्या, व्हिसावर अमेरिकेत असलेल्या व्यक्तीला शस्त्र किंवा काडतुसे जवळ बाळगण्यास केंद्रीय कायद्याने मनाई आहे. यात मालकीच नव्हे, तर ताबाही येतो. म्हणजे रेंजवर भाड्याचे पिस्तूल घटकाभर हातात घेणेसुद्धा त्या मनाईत मोडू शकते. कायद्यात काही अपवाद आहेत आणि त्यांतला नेहमी वापरला जाणारा अपवाद कोणत्याही राज्याने दिलेला वैध शिकार परवाना हा आहे. एनसीसीतला अनुभव किंवा भारतातला शस्त्रपरवाना इथे उपयोगी पडत नाही. ग्रीन कार्ड असलेल्यांची स्थिती वेगळी आहे. त्यांना ही मनाई लागू नाही. आपल्या मराठी मंडळांतले कितीतरी तरुण वीकएंडला मित्रांबरोबर सहज रेंजवर जातात आणि त्यांतल्या अनेकांना याची कल्पनाच नसते. ग्रीन कार्डची रांग इतकी लांब असताना त्यांनी नकळत असा धोका ओढवून घ्यावा, याचे मला मनापासून वाईट वाटते. बंधूंनी आधी वकिलाचा सल्ला घ्यावा, आणि तोवर घरातल्या पेटीची किल्ली किंवा कोड त्यांच्याकडे नसावा. आपण प्रशिक्षक वेगळा शोधावा.

दुसरी गोष्ट. १ सप्टेंबर २०२१ पासून टेक्सासमध्ये २१ वर्षांवरील पात्र व्यक्तीला परवान्याशिवाय पिस्तूल बाळगता येते, म्हणून लोक परवाना घेत नाहीत. आपण घ्यावा. शाळेच्या हद्दीपासून १,००० फुटांच्या आत शस्त्र नेण्यावर केंद्रीय कायद्याची बंदी आहे आणि त्या राज्याचाच परवाना असलेल्यांना तीतून सूट मिळते. मुलीला रोज सोडायला-आणायला जाणाऱ्या आईच्या दृष्टीने हा फरक छोटा नाही. सूट शाळेभोवतालच्या परिसरापुरती आहे. शाळेच्या इमारतीत पिस्तूल नेता येत नाही. घरे दाखवताना इमारतींच्या दारांवरच्या ३०.०५ आणि ३०.०६ या कलमांच्या पाट्याही वाचायची सवय लावावी. पहिली परवाना नसलेल्यांना अडवते, दुसरी परवानाधारकाने झाकून नेण्याला.

रानजाई

सर्वांचे मनःपूर्वक आभार. नियमवाचक, आपले विशेष आभार. भाऊ आता रेंजवर येणार नाही आणि तो वकिलाशी बोलणार आहे. मी एका प्रशिक्षक बाईंबरोबर जाऊन काटेकोर यांनी सांगितलेली चारही पिस्तुले आणि तुलनेसाठी ६४२ भाड्याने चालवून पाहिले.

६४२ पाच गोळ्यांतच खाली ठेवले. तिसऱ्या गोळीपासून माझे डोळे बार होण्याआधीच मिटू लागले होते, असे बाईंनी दाखवून दिले. पी३६५ हाताला सर्वांत नेटके बसते, मूठ बारीक आहे आणि बोट ट्रिगरवर अगदी जिथे हवे तिथे येते. पण काही मॅगझिने संपल्यावर अंगठ्याच्या मुळाशी ओळखीची कळ सुरू झाली. ग्लॉक ४३एक्सच्या मुठीवर करंगळीला पूर्ण जागा मिळते आणि पिस्तूल कमी उसळते, मात्र माझ्या बोटाचे फक्त टोक ट्रिगरवर पोचते आणि मुठीची मागची पट्टी बदलण्याची सोय त्यात नाही.

शील्ड ईझेडने मला चकित केले. तळहाताने स्लाइड धरून मूठ पुढे ढकलण्याची युक्ती वापरल्यावर दोन्ही रूपांची स्लाइड सहज मागे आली. मॅगझिनच्या कडेला एक छोटे बोंड आहे. ते खाली दाबून धरले की गोळ्या नुसत्या आत सोडता येतात, अंगठ्याने रेटाव्या लागत नाहीत. माझ्यासाठी हे स्लाइडइतकेच महत्त्वाचे ठरले, कारण गोळ्या भरण्यातच माझा अंगठा थकत होता. मुठीच्या मागे जो सुरक्षा-खटका आहे, तो पकड सैल असली तर दाबला जात नाही आणि ट्रिगर काम करत नाही. सुरुवातीला एकदा तसे झालेही, पण हात वर सरकवून घट्ट धरल्यावर पुन्हा झाले नाही. सात यार्डांवर .३८० ने माझ्या गोळ्या तळहाताएवढ्या जागेत लागल्या. ९ मिमीने त्या थोड्या पसरल्या, पण कागदाच्या मधल्या भागातच राहिल्या.

आता निवड या दोहोंतच आहे. .३८० पुरेसे पडेल का? आणि बाहेर काढताना पकड बिघडली तर सुरक्षा-खटका धोका ठरेल का?

काटेकोर

आपण फार पद्धतशीरपणे पाहिले आहे. गोळ्या भरण्याचा मुद्दा माझ्या पहिल्या उत्तरात यायला हवा इतका महत्त्वाचा आहे.

.३८० ची गोळी साधारण ९० ते ९५ ग्रेनची, ९ मिमीची ११५ ते १४७ ग्रेनची आणि वेगानेही सहसा सरस. स्वसंरक्षणासाठीच्या गोळीने चाचणीच्या जेलीच्या ठोकळ्यात १२ ते १८ इंच जावे, असा एफबीआयचा निकष आहे. आखूड नळीतून सुटलेल्या .३८० च्या पोकळ टोकाच्या गोळ्या पुष्कळदा एकतर नीट फुलतात (आत शिरल्यावर रुंदावतात) आणि कमी खोल जातात, किंवा खोल जातात आणि फुलत नाहीत. दोन्ही साधणारी काडतुसे थोडीच आहेत. ९ मिमीमध्ये हा प्रश्न बहुतांशी सुटलेला आहे, शिवाय सरावाची ९ मिमी काडतुसे .३८० पेक्षा स्वस्त मिळतात. तरीही जी गोळी हव्या त्या जागी लागते तिचीच गणना होते, आणि डोळे मिटून झाडलेली ९ मिमी कोणाच्याच कामाची नाही.

म्हणून दोन्ही पिस्तुले पुन्हा भाड्याने घ्यावीत, या वेळी वेगळ्या हेतूने. सात यार्डांवर एकामागून एक पाच गोळ्या, प्रत्येक गोळीनंतर पुढची साइट (नेम धरण्याची खूण) पुन्हा जागेवर येताना दिसेल इतक्याच वेगाने झाडाव्यात. साइट परत कुठे येते हे आपल्याला प्रत्येक वेळी दिसत असेल तर पिस्तूल आपल्या ताब्यात आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगठ्याची अवस्था पाहावी. ९ मिमीने तो दुखला नाही तर ९ मिमी घ्यावे. त्याचे वजन सुमारे ६५५ ग्रॅम आहे, .३८० चे ५२५, आणि ते जास्तीचे वजन धक्का पुष्कळ शोषते. अंगठा दुखला तर .३८० निःसंकोच घ्यावे, कारण दुखणाऱ्या हाताने सराव टळतो आणि महिन्यागणिक तो टळतच जातो. माझे विद्यार्थी जिथे मागे पडतात, ती जागा हीच आहे. टेक्सासच्या परवान्याच्या चाचणीत ३, ७ आणि १५ यार्डांवरून मिळून ५० गोळ्या झाडायच्या असतात आणि २५० पैकी १७५ गुण लागतात. ज्या पिस्तुलाने ही चाचणी हात न थकता पूर्ण होईल, ते आपल्या हाताचे आहे असे मी मानतो.

सुरक्षा-खटक्याची भीती निराधार नाही. होल्स्टरमधून काढतानाची पहिली पकड हीच शेवटची असते. घाईत ती सुधारायला वेळ मिळत नाही. म्हणून घरी, पिस्तूल रिकामे असल्याची दोनदा खात्री करून आणि काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवून, फक्त पकड घेण्याचा सराव करावा: बेचकी वर, तळहात मुठीला चिकटलेला, मग काढणे. ट्रिगर दाबायचीही गरज नाही. होल्स्टर निवडतानाही हेच बघावे, की पिस्तूल आत असताना मुठीवर पूर्ण पकड घेता येते आणि मधे कापड किंवा होल्स्टरची कड येत नाही.

वापरलेले पिस्तूल घेणार असाल तर एक खबरदारी घ्यावी. मार्च ते ऑक्टोबर २०२० या काळात बनलेल्या ९ मिमी शील्ड ईझेडच्या हॅमरमध्ये (घोड्यात) दोष आढळल्याने कंपनीने ती परत मागवून दुरुस्त करून दिली होती. अनुक्रमांक कंपनीकडे तपासून मगच पैसे द्यावेत. नवे असो वा जुने, बाळगण्यासाठी निवडलेली पोकळ टोकाची काडतुसे आपल्या स्वतःच्या हातून, आपल्याच मॅगझिनांतून किमान दोन डबे चालवून पाहावीत, आणि त्यात एकही गोळी अडकली तर दुसऱ्या कंपनीची काडतुसे घेऊन तपासणी पहिल्यापासून करावी.